रिकाम्या पाळण्याची राखण

॥ श्री ॥ कुलस्वामिनीस दंडवत, चुलीस दंडवत, आणि घरोघरी जी कोणी आवराआवर करिते तिचे हातांस दंडवत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, पौष मासी, दोन खोल्यांच्या राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐकिले तैसे लिहिले. संवत्सराचे नाव क्रोधी खरे, त्यास राज्याचा इलाज नाही.

राज्य दुसऱ्या मजल्यावर. पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस मोरी, मध्ये स्वयंपाकघर आणि एक खोली. तीच सदर, तीच शयनमहाल. गादीवर तुषारराव व त्यांच्या पत्नी केतकीबाई. परंतु हुकूम चाले तो रावांच्या मातोश्री हेमलताबाई आईसाहेब यांचा. केतकीबाईंस नववा लागला. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत. परंतु बाईंची आई लहानपणीच गेली आणि माहेरास कुलूप पडले, म्हणोन ते याच राज्यी करणे ठरले. मग सर्वांस वाटले की आता तयारीस आरंभ होईल, आणि आरंभ होईना. आईसाहेबांचा सक्त हुकूम सुटला की मूल जन्मून रडेतोवर त्याच्या नावाची टाचणीदेखील उंबऱ्याच्या आत येऊ नये. केतकीबाई बोलिल्या, "अहो आई, निदान चार लंगोट तरी शिवून ठेवू?" आईसाहेब म्हणाल्या, "लंगोटाला वेळ तो काय लागतो? येऊ दे आधी त्याला." मग केतकीबाईंनी कपाटातील एक खण बाळासाठी मोकळा करोन ठेविला होता तो उघडिला, आणि पाहिला, आणि मिटिला, ऐसे दिवसातून तीन वेळ होऊ लागले. पोटातल्याची वाट या घरी कोणी पाहते की नाही, या शल्याने बाईंस अन्न गोड लागेना. आणि मन मोकळे करावे तर माहेर नाही.

तेसमयी तुषाररावांनी पराक्रम केला. कचेरीतील एका स्नेह्याची मुलगी चालू लागली होती, त्याने तिचा सागवानी पाळणा देऊ केला. आणि रविवारी दोन प्रहरी, आईसाहेब भजनास गेल्या ऐसे पाहून, रावांनी तो रिक्षात घालून, अर्धा आत अर्धा बाहेर ऐसा आणिला, आणि दोन जिने चढविला, आणि छताच्या कडीची धुण्याची दोरी सोडून तेथे टांगिला. आईसाहेब परतल्या तो गॅलरीतून वारा आला, आणि पाळणा आपला आपण हलू लागला. आईसाहेबांनी पायातील चपलाही न काढता जाऊन तो दोहों हातांनी धरिला. राव म्हणाले, "आई, सोड की. पाळणाच आहे." "सोडला की हलेल. रिकामा पाळणा हलू नये." "मग काढतो." "टांगलेला काढतात का रे, घोड्या!" आणि मग पाळणा काढवेना, ठेववेना, आणि आईसाहेबांस सोडवेना. मग आईसाहेब हळूच बोलिल्या, "तुझ्याआधी एक मुलगी होती. सगळं करून ठेवलं होतं मी. बारा दुपटी. दवाखान्यातून एकटीच आले, आणि याच कडीला पाळणा होता. वाऱ्यानं हलत होता. तुला म्हणूनच मांडीवर झोपवलं, पाळणा टांगलाच नाही." रावांचे वय बत्तीस, आणि आपणांस बहीण होती हे त्यांस त्या दिवशी कळले.

तो केतकीबाई उठोन स्वयंपाकघरात गेल्या, आणि पाट्यावरील वरवंटा पोटाशी धरोन घेऊन आल्या. आईसाहेब ओरडल्या, "अगं ठेव ते! नववा आहे, दगड काय उचलतेस!" आणि पाळणा सोडून धावल्या, आणि वरवंटा आपल्या हाती घेतला. केतकीबाई म्हणाल्या, "बारशाला बाळाआधी हाच घालतात ना पाळण्यात? मग आत्ताच घालू. आपलं माणूस येईपर्यंत राखील जागा." आईसाहेबांचा उजवा हात आपोआप वरवंट्याच्या एका टोकाखाली गेला, जैसा तान्ह्या मुलाच्या मानेखाली जातो, आणि मग म्हणाल्या, "उघडा कसा घालू? थंडीचे दिवस."

ऐसा वरवंटा कारभारी जाहला. आईसाहेबांनी आपले जुने मऊ लुगडे फाडून त्यास दुपटे केले, आणि कुंची केली, आणि मग थांबेनात. केतकीबाई हसोन म्हणाल्या, "अहो आई, दगडाला सात दुपटी?" "ओली झाली तर? बदलायला नकोत?" राव जेवताना कुरकुरले की चटणीस चव नाही; त्यांस उत्तर मिळाले, "वरवंटा कामात आहे. मिक्सरची खा." आणि कपाटातील तो खण, जो कोणी कोणाच्या नावाने भरीत नव्हते, तो भरला.

माघ मासी केतकीबाईंस कन्या जाहली, आणि उत्तम रडली. बाराव्या दिवशी शेजारणी जमल्या, आणि आईसाहेबांनी वरवंटा काढिला, आणि त्या जागी नात निजविली, आणि पाळण्याची दोरी आपल्या हाती घेऊन ओढिली. मग वरवंट्यास कोमट पाण्याने स्नान घालून, कोरडा पुसून पाट्यावर ठेविला, आणि हळूच म्हणाल्या, "राखलंस हो."

येणेप्रमाणे राखणीचे वर्तमान. राज्य दोन खोल्यांचे होते तेवढेच आहे. धुणे चौपट, आणि दोरी आता गॅलरीत. पाळणा हलत आहे. अधिक काय लिहावे.