नव्या रेकॉर्डची तडतड

नवी कोरी रेकॉर्ड पहिल्याच फेरीत तडतडली, आणि यशोवर्धनचा चेहरा ऐन साखरपुड्यात पत्रिकेत मंगळ निघाल्यासारखा झाला.

एरवी तेवढ्याने काही बिघडलं नसतं. पण रविवारी एचएसआर लेआउट या वस्तीतल्या त्याच्या फ्लॅटवर रघुनंदन अण्णा येणार होते. ते रेकॉर्डप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. मंडळात शिरायचं तर उमेदवाराने आपल्या घरी एक रेकॉर्ड ऐकवायची आणि सदस्यांनी ती डोळे मिटून ऐकायची, असा नियम होता. डोळे उघडे असले की कान आळसावतात, असं अण्णांचं मत. गेल्या खेपेला 'आवाजात कचरा आहे' म्हणून त्यांनी यशोवर्धनला नापास केलं होतं. तिसरी संधी मंडळ कुणालाच देत नसे.

"चार्ज झालीय ती," आश्लेषा म्हणाली. त्याची बायको कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. "हवा कोरडी, त्यात तू सकाळपासून मखमलीने घासतोयस. धूळ ओढून घेतेय. ओलसर फडक्याने स्वल्प पूस आणि सोड."

"ही रेकॉर्ड आहे, ओटा नाही."

"ओट्यालाही तू कधी फडकं लावलेलं बघितलं नाही मी."

ऐकण्याचा एवढा शौक असलेल्या माणसाला बायकोचं तेवढं ऐकू येत नसे. इंटरनेटवरच्या कुणा अनोळखी गृहस्थाने मात्र त्याला पटवलं, की रेकॉर्डवर सुताराचा पांढरा गोंद पसरायचा, वाळला की सोलून काढायचा; खाचांतली धूळ त्याला चिकटून येते. युक्ती खोटी नव्हती. पण थर पातळ हवा आणि धीर भरपूर हवा, असंही तिथे लिहिलं होतं. यशोवर्धनने शिवाजीनगरच्या बाजारातून मोठा डबा आणला आणि उत्तप्प्याचं पीठ घालावं तसा जाड थर दिला. रविवारची जेवणं झाली तरी तो ओलाच.

"पातळ लावायचा होता," आश्लेषा म्हणाली.

"जाड लावला की मळ जास्त निघतो."

"कुणी सांगितलं?"

"लॉजिक आहे."

मग त्याने तिचा हेअर ड्रायर आणला.

"त्याने नको. हे प्लास्टिक तापलं की मऊ पडतं."

"माझं लक्ष आहे गं."

लक्ष होतं, पण गोंदावर. गोंद सुरेख वाळला, दुधावरच्या सायीसारखा सलग निघून आला. खालची रेकॉर्ड तेवढी आप्पमसारखी कडेने वर उचलली गेली. सुई तिच्यावर चढली आणि घसरून बाहेर पडली.

यशोवर्धन मटकन खाली बसला. आश्लेषाला क्षणभर त्याची कीव आली. तेवढ्यात त्याने मान वर केली आणि तिची कीव ओसरली.

"हेच सतारवादन फोनवर आहे. स्पीकरला फोन जोडतो. झाकणाखाली रेकॉर्ड नुसती फिरू दे. डोळे तर मिटलेलेच असणार."

"आणि फोनच्या आवाजात जीव नसतो म्हणायचास, त्याचं काय?"

"आजच्या दिवस असू दे."

अण्णा तीन सदस्यांसह आले. सगळ्यांनी डोळे मिटले. सतार काचेसारखी स्वच्छ वाजू लागली. हळूहळू अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"फार गुळगुळीत झालंय रे," ते डोळे न उघडताच म्हणाले. "सगळं धुऊन काढलंस. ऊब कुठाय?"

"रेकॉर्ड वाटतच नाही," एका सदस्याने दुजोरा दिला.

स्वयंपाकघराला दार नव्हतं. तिथे आश्लेषा पाहुण्यांसाठी चित्रान्नाच्या भाताला फोडणी करत होती. तेल तापलं होतं. तिने मोहरी टाकली.

"हां," अण्णा म्हणाले. "आता आली बघा."

"सुईचा स्पर्श," तो सदस्य पुटपुटला.

"फोनवर ऐकणाऱ्यांना हे जन्मात कळायचं नाही," अण्णा म्हणाले.

आश्लेषाने कढीपत्ता टाकला. घमघमाट बैठकीत पोचला. पण कानाने एकदा ठरवलेलं नाकाने तपासून पाहायची मंडळाची पद्धत नव्हती. चौघेही माना डोलवत राहिले.

यशोवर्धन पावलं न वाजवता आत आला. आता हा गॅस बंद कर म्हणेल, असं आश्लेषाला वाटलं.

"अण्णा खूश आहेत," तो कुजबुजला. "दुसरी बाजू ऐकतो आणि मग मंडळात घेतो म्हणाले." त्याने मिसळणाच्या डब्यात वाकून पाहिलं. "मोहरी पुरेल ना?"