मंत्राला उखाण्याची सक्ती

"या रविवारी सुगतची बोलती बंद नाही केली, तर नावाचा अश्वजित नाही!" अशी प्रतिज्ञा अश्वजितने शनिवारी आंघोळ करताना केली. प्रतिज्ञा करायला त्याला न्हाणीघरच लागे, कारण बाहेर आई असे.

भांडण शेताच्या बांधाचं नव्हतं. भांडण जादूचं होतं! वर्ध्याला अश्वजितच्या घरी दर रविवारी दुपारी एक खेळ रंगायचा. टेबलाभोवती चौघं बसायची. तिघं सोंगं घ्यायची, कोणी लढवय्या, कोणी मांत्रिक. चौथा अश्वजित. तो गोष्ट पुढे न्यायचा, राक्षसाचे आवाज काढायचा आणि नियम करायचा. कोण जगलं, कोण मेलं ते वीस बाजूंचा फासा ठरवी, आणि फाशाचं पटलं नाही तर अश्वजित ठरवी. एरवी घरात त्याला कोणी विचारत नसे, पण त्या टेबलावर तोच सरकार होता.

खेळातल्या मुख्य राक्षसाला त्याने वर्षभर मरू दिलं नव्हतं. राक्षस मेला की खेळ संपणार, आणि खेळ संपला की पौर्णिमा यायची बंद होणार! पौर्णिमा सेवाग्रामला नर्स होती आणि खेळातही तिने वैद्याचंच सोंग घेतलं होतं. तिला मनातलं सांगायला अश्वजित वर्षभर चांगला रविवार शोधत होता. तेवढ्यात त्याची बहीण मेघा, खेळातली लढवय्या, सुगतला खेळायला घेऊन आली. सुगत सिंदीला कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये सुपरवायझर. तो मांत्रिक झाला आणि अश्वजितची झोप उडाली.

पौर्णिमावर बाण आला की सुगतचा मंत्र! साप आला की सुगतचा मंत्र! आणि पौर्णिमा टाळ्या वाजवायची. राक्षसाचे आवाज काढून काढून अश्वजितचा घसा बसला, त्याला एक टाळी कधी मिळाली नव्हती. सुगत हसला की याचे दात जरा जास्तच पांढरे आहेत असं अश्वजितला वाटे. मे महिन्यातल्या वर्ध्यासारखा तो आतून तापला होता.

म्हणून त्याने नवे नियम काढले. रविवारी सगळी बसल्यावर तो उभाच राहिला.

"आजपासून मंत्र टाकला म्हनलं का टाकला, असं चालनार नाई! मंत्र उखान्यात म्हना लागन. ज्याच्यासाठी मंत्र, त्याचं नाव त्यात आलंच पाह्यजे. अन् अडखळला, तर टाकनाऱ्यावरच उलटन!"

"अन् तुह्यावर टाकला तं?" मेघाने विचारलं. चहासाठी खेळ थांबावा म्हणून तिने मागे एकदा सुगतकरवी भावालाच झोपेचा मंत्र मारवला होता.

"खेळ चालवनाऱ्यावर कोनालेच मंत्र टाकता येनार नाई!" अश्वजित गरजला. "हा नियम पक्का!"

त्याचा हिशोब सरळ होता. उखाण्यात नाव घेताना लग्न झालेल्यांचीही त-त-प-प होते. हा तर बिनलग्नाचा, आणि समोर पोरगी! त्याने लगेच पौर्णिमावर भूत सोडलं आणि हाताची घडी घालून बसला.

सुगत उठला. खाकरला.

"सरकीतून निघते तेल, कापसातून सूत,
पौर्णिमाचं नाव घेतो, पळून जाय भूत!"

भूत पळालं. आणि पौर्णिमा लाजली! वर्षभरात ती कधी लाजली नव्हती.

अश्वजितचं टाळकं सरकलं. त्याने सुगतच्या डोक्यावर गुहेचा दगड पाडला. "मेला!" तो आनंदाने ओरडला. पण वैद्य कोण होतं? पौर्णिमाने उठून ओढणी सावरली.

"भाकरीवर झुनका, संग मिरचीचा ठेचा,
सुगतचं नाव घेते, जीव वाचो त्याचा!"

स्वयंपाकघरात ताट पडल्याचा आवाज आला. आत अश्वजितच्या आईपाशी, सुलोचनाबाईंपाशी, शेजारच्या आनंदाबाई बसल्या होत्या. त्या पौर्णिमाच्या सख्ख्या मावशी. राक्षसांशी त्यांना घेणंदेणं नव्हतं, पण उखाणा कशासाठी घेतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"आयकलं का, सुलोचनाबाई? पोट्ट्यानं नाव घेतलं, पोट्टीनंबी घेतलं! अन् आमाले पत्ताच नाई!" त्यांनी तिथूनच पौर्णिमाच्या बापाला, किसनरावांना फोन लावला.

बाहेर अश्वजितला याचा गंधही नव्हता. त्याच्यापाशी हुकमाचा पत्ता होता. आठवडाभर पाठ केलेला!

"राक्षसालेबी मंत्र येते," तो म्हणाला. "वशीकरनाचा! पौर्णिमावर!

वर्ध्याच्या टेसनावर गाड्या येते चार,
पौर्णिमाचं नाव घेतो..."

पौर्णिमाने त्या वर्षात पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. झालं! पुढची ओळ कुठल्या गाडीने गेली कोण जाणे.

"नाव घेतो... नाव... चार..."

"अडखळला!" मेघा ओरडली. "उलटला मंत्र!" राक्षस स्वतःवरच भाळून बसला, आणि लढवय्या मेघाने त्याचं मुंडकं उडवलं. वर्षभर जपलेला राक्षस मेला.

तेवढ्यात किसनरावांची स्कूटर दारात थांबली. "कोन हाय तो पोट्टा?"

अश्वजित मधे धावला. "काका, काहीच नाई! खेळातला नियम हाय तो! मीनं केला! नाव घ्याच लागते!"

"व्हय का वं?" किसनरावांनी लेकीला विचारलं. "नुस्ता नियम होता?"

पौर्णिमाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "नियम होता, बाबा. पन मीनं मनापासून घेतलं."

"मीनंबी," सुगत म्हणाला. दात पांढरेच होते.

किसनरावांनी दोघांकडे पाहिलं. मग त्यांनी अश्वजितच्या पाठीवर अशी थाप मारली की तो टेबलावर आदळला. "वा, बाबू! तीन वर्षांपासून लग्नाचं इचारून राह्यलो, ही तोंड उघडत नवती. तुह्या नियमानं उघडलं!"

पुढच्याच महिन्यात अंगठ्या घालून साक्षगंध झालं. लग्न जुळवणारा म्हणून अश्वजितला मानाचा दुपट्टा आणि टोपी मिळाली. सुगतने त्याला कडकडून मिठी मारली. ती तर सोसवतच नव्हती.

घरी येताना ऑटोत सुलोचनाबाईंनी लेकाच्या डोक्यावरच्या टोपीकडे पाहिलं.

"बाबू," त्या म्हणाल्या, "वर्षभर खेळ आपल्या घरी, चहा माह्या हातचा. मंग त्या पोरीनं तुह्यं नाव काऊन नाई घेतलं रे एकडाव?"

"माह्यावर मंत्र टाकता येत नाई, आई. तसा नियमच हाय."

"कोन्या येड्यानं केला?"

अश्वजितने मानाची टोपी डोळ्यांवर ओढून घेतली आणि ऑटोवाल्याला म्हणाला, "भाऊ, जरा जोरात घे!"