कुमुदताईंचा खडू

आमच्या गटात एखादीचा आठवडा कोरडा गेला, की कुमुदताई तिच्या लाकडी खुर्चीच्या पाठीवर खडूने 'पास' लिहितात. आम्ही विसरून टेकतो आणि ब्लाउजवर उलटा 'पास' घेऊन घरी जातो. मी शाळेत शिकवते, त्यामुळे नवऱ्याला ती पोरांचीच खोडी वाटते.

गट म्हणजे व्यसन सोडू पाहणाऱ्या आम्ही सात बायका. कुणाची दारू, कुणाची तंबाखू, माझ्या झोपेच्या गोळ्या. दर गुरुवारी जबलपुरातल्या एका दवाखान्याच्या माडीवर जमतो. तलफ आली की पळायचं नाही, सोसायची, एवढंच तिथे शिकवतात. सराव म्हणून बर्फाचा खडा मुठीत धरून बसवतात.

कुमुदताईंची सगळी नोकरी खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात माल तपासण्यात गेली. निवृत्त झाल्या, तपासणी सुटली नाही. दवाखान्याचा बर्फ त्यांनी पहिल्याच दिवशी रिजेक्ट केला.

"दीदी, बर्फ तो बर्फ है," समुपदेशक मॅडम म्हणाल्या.

"नहीं जी, अंदर से पोला है. टेस्ट में नहीं ठहरेगा."

तेव्हापासून त्या घरचा बर्फ थर्मासात घालून बसने आणतात. एकदा माझा हात बधिर झाला आणि मी खडा टाकून दिला.

"काहून सोडून राहिली? सहन होत नाही, म्हणजे टेस्ट बरोबर चालू आहे," म्हणून त्यांनी दुसरा, अधिक मोठा, माझ्या मुठीत कोंबला.

त्यांची स्वतःची खुर्ची मात्र कायम कोरी. विचारलं तर म्हणायच्या, "आपला माल आपण पास नाही करत बाई. दुसरा इन्स्पेक्टर लागतो." आम्ही हसलो आणि विसरलो. आता त्याची लाज वाटते.

नागपूरच्या लेकीच्या डोहाळेजेवणाला त्या पिऊन गेल्या होत्या. त्यानंतरच गटात आल्या. नातीच्या बारशाला शुद्धीत जायचं, एवढंच डोक्यात. तिच्यासाठी कुंची शिवत होत्या. टाका वाकडा दिसला की रिजेक्ट, आणि उसवलीच.

मागच्या गुरुवारी त्या उशिरा आल्या. थर्मास उघडला, तर रिकामा. तळहात लालभडक.

"आज बारसं आहे," त्या म्हणाल्या. "लेक म्हणाली, येऊ नको. बसमधून उतरले, तर समोर दारूचं दुकान. तिथंच उभी राहून सगळा बर्फ हातात धरला. संपला, मग वर आले."

मला रडू आलं. पण उठले, त्यांच्या पिशवीतून कुंचीखालचा खडू काढला आणि म्हटलं, "ताई, जरा पुढे व्हा."

त्यांच्या खुर्चीवर मी 'पास' लिहिलं. त्यांनी वळून अक्षर नीट तपासलं. आता रिजेक्ट म्हणणार, असं वाटलं. पण त्या उरलेला तासभर ताठ बसून राहिल्या, एकदाही टेकल्या नाहीत.