एका स्लाइडचं तांत्रिक मूल्यमापन

प्रकाश कारखानीस याच्या आईला एक फोटो बघायचा होता. मूळ प्रकरण एवढंच. चारचौघांच्या घरात असलं काम चहा निवायच्या आत उरकतं. पण प्रकाश दुबईतल्या एका बड्या कंत्राटदार कंपनीत खरेदी विभागाचा मॅनेजर आहे आणि तीन कोटेशनं आल्याशिवाय तो घरात केरसुणीसुद्धा येऊ देत नाही. म्हणून हे प्रकरण क्रमाने सांगणं भाग आहे. मी दुबईच्या ऊद मेथा भागात त्याच्याच बिल्डिंगमध्ये एक मजला वर राहतो. शिवाय पुढे नेमलेल्या समितीचा मी सदस्यही होतो, कारण प्रकाशच्या पत्नी साधनावहिनी चहा उत्तम करतात.

प्रकाशच्या आई, विभावरीकाकू, ठाण्याहून व्हिजिट व्हिसावर आल्या. बॅगेत मेतकूट, कुळथाचं पीठ आणि एक जुना पत्र्याचा चकलीचा डबा. डब्यात चकल्या नव्हत्या. निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या, काही सुटे फोटो होते आणि स्लाइडी होत्या. ज्यांनी स्लाइड पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: काडेपेटीएवढी पुठ्ठ्याची चौकट, तिच्यात टपाल तिकिटाएवढा रंगीत फिल्मचा तुकडा. उजेडासमोर धरला की चित्र दिसतं, बारीक.

काकूंचे यजमान हौशी फोटोग्राफर होते. जन्मभर ते कॅमेऱ्याच्या मागे राहिले, त्यामुळे अल्बमात सगळं खानदान आहे, फक्त ते नाहीत. भिंतीवर हार घातलेला फोटो आहे तो पॅनकार्डावरून मोठा केलेला, आणि त्यात ते पॅनकार्डावर दिसावं तसेच दिसतात. फक्त एकदा मुरूडच्या किनाऱ्यावर काकूंनी कॅमेरा हिसकावून घेतला आणि बटण दाबलं. डोक्याला टॉवेल, हातात भाजलेलं कणीस, हनुवटीला कणसाचं काळं लागलेलं, आणि तोंड उघडं टाकून हसतायत. ती ही स्लाइड.

"एवढी एक मोठी करून दाखव रे प्रकाश," काकू म्हणाल्या. "बाकीचं राहू दे. हल्ली यांचा चेहरा आठवायला गेले की पॅनकार्डच आठवतं मला."

घाई होती, कारण काकूंचे डोळे चालले होते. त्यांच्या डोळ्यांना असा आजार होता की कडेचं दिसतं आणि मधलं पुसट होत जातं. डावा डोळा गेल्यातच जमा होता, उजवा त्याच वाटेला लागला होता. इथल्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि स्पष्ट सांगितलं, "आजी, जे डोळे भरून बघायचंय ते आत्ताच बघून घ्या."

हे ऐकून प्रकाशच्या डोळ्यांत पाणी आलं. मी स्वतः पाहिलं. पुढे जे झालं ते प्रेम कमी पडलं म्हणून झालं, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. त्याने नाक पुसलं, आईचा हात दाबला, म्हणाला, "आई, तू निर्धास्त राहा. हे आपण प्रोसीजरने करू." आणि लॅपटॉप उघडला.

साधनावहिनी तेवढ्यात मुलाचा, सिद्धांतचा टॅबलेट घेऊन आल्या. "अहो, यावर पांढरा स्क्रीन लावते, वर स्लाइड ठेवते, मोबाइलने फोटो काढते आणि टीव्हीवर टाकते. आत्ता होईल."

"चालेल की!" काकू खुर्चीतून अर्ध्या उठल्यासुद्धा.

प्रकाशने हात आडवा घातला. "साधना, प्लीज. हे नॉन-कम्प्लायंट आहे. बाबांची एकमेव स्लाइड आहे ती. कलर कसे येतील? शार्पनेस? आणि बोटांचे ठसे?"

"अरे पण मला चालेल म्हणतेय ना मी," काकू म्हणाल्या.

"आई, तू एंड यूजर आहेस. एंड यूजरने फक्त गरज सांगायची असते. टेक्निकल मत द्यायचं नसतं."

काकू खाली बसल्या. मुलगा शिकलेला असला की आईला असं अधूनमधून खाली बसावं लागतं.

त्याच आठवड्यात स्कॅनर निवडायला 'कारखानीस स्कॅनर टेक्निकल' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. त्यात प्रकाश, मी आणि शारजाहून सुदेश; हीच समिती. सुदेश बँकेत आयटीला आहे आणि ज्या वस्तूचं स्पेसिफिकेशन असतं अशा कुठल्याही वस्तूवर त्याचं ठाम मत असतं. तो पहिल्या बैठकीला ट्रॅफिकमधून घामाघूम येऊन पोचला आणि बूट काढता काढताच म्हणाला, "साधा, कागद पालथा ठेवायचा फ्लॅटबेड स्कॅनर घेऊ नका हां! कागदावर खालून उजेड पडतो, स्लाइडला आरपार जावा लागतो. झाकणात दिवा नसेल तर फोटोच्या जागी काळा चौकोन येईल."

हे मात्र खरं होतं. संपूर्ण प्रकरणात समितीने केलेलं एवढंच उपयोगी विधान, आणि ते चहा यायच्या आधीच होऊन गेलं. झाकणात दिवा असलेला स्कॅनर दुसऱ्या दिवशी घरी आला असता. पण मग समितीने पुढे काय करायचं?

म्हणून रिझोल्यूशनचा मुद्दा निघाला. प्रकाशचं म्हणणं, साधारण असलं तरी भागेल. सुदेश म्हणाला, "भागेल? भाऊ, फ्यूचर-प्रूफ बघ. उद्या तुझ्या नातवाला भिंतीएवढी प्रिंट काढावीशी वाटली तर?" सिद्धांत नववीत आहे. तरीही त्याच्या मुलाची सोय बघणं सर्वांना रास्त वाटलं आणि जास्तीत जास्त रिझोल्यूशनचा ठराव झाला. काकूंनी आतून विचारलं, "नातवाचं नंतर बघू रे, मला कधी दाखवताय?" त्याची 'नोटेड' अशी नोंद घेण्यात आली.

मग काळ्या भागातला तपशील किती पकडतो, धूळ आपोआप पुसतो की हाताने, निगेटिव्हच्या पट्ट्या धरणारी प्लास्टिकची चौकट हलते की घट्ट बसते, असे मुद्दे निघत गेले. एका परीक्षणात जे मॉडेल सर्वोत्तम ठरे ते दुसऱ्या परीक्षणात कचरा ठरे. प्रकाश रोज ऑफिसातून आल्यावर जर्मनीतल्या कुणा माणसाचा व्हिडिओ लावी. तो माणूस हातमोजे घालून एकाच गवताच्या पात्याची तुलना करी. काकू शेजारी बसून म्हणत, "याच्याकडेच पाठवली असती तर दिसली असती एव्हाना." त्यांना स्वतःला ते पातं दिसत नव्हतं.

प्रत्यक्ष पाहणीसाठी समिती एका मोठ्या मॉलमध्ये गेली. तिथे रेहान नावाचा विक्रेता होता, गोड बोलणारा. त्याने आम्ही नमुना म्हणून नेलेली दुसरी एक स्लाइड उलटसुलट करून पाहिली. "सर, ये मेमरी कार्ड है क्या?"

"स्लाइड है, भाई. डेमो दिखाओ."

"सर, डेमो पीस डिस्प्ले के लिए है, चालू नहीं होता. लेकिन एक्स्टेंडेड वॉरंटी ले लो, टेन्शन खलास."

वॉरंटीचं नाव काढल्यावर प्रकाशचा चेहरा उजळला. तो विषय नीट अभ्यासायला हवा, असं ठरवून आम्ही फालूदा खाऊन परतलो.

परत येताना प्रकाशच्या मनात आलं की डबा असा घरात उघडा ठेवणं धोक्याचं आहे. फोडणीची वाफ, दमट हवा, साधनाचा टॅबलेट. त्याने तो अल क्वोजला नेऊन कंपनीच्या गोदामातल्या एसी खोलीत ठेवला, जिथे महागडे सेन्सर ठेवतात. गोदामाचा नियम असा की आत गेलेली वस्तू गेट पासशिवाय बाहेर येत नाही. गेट पासवर खरेदी विभागाच्या मॅनेजरची सही लागते. मॅनेजर प्रकाशच. तरी वहिनींनी डबा मागितला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "उद्या मीच नियम मोडला तर खालची माणसं काय म्हणतील?"

"आणि आई काय म्हणतील?" वहिनी म्हणाल्या.

"आईचं एक्स्टेन्शन करून घेतलंय," प्रकाश म्हणाला. तो व्हिसाबद्दल बोलत होता.

अखेर मॉडेल नक्की झालं. एकमताने! सुदेशने मला मिठी मारली. ऑर्डर द्यायला प्रकाशने बोट उचललं, आणि सुदेश म्हणाला, "थांब थांब. नोव्हेंबरात सेल आहे. आत्ता घेतलास तर वेड्यात काढतील." आखातात सेलच्या आधी वस्तू घेणं हे व्यसनाच्या खालोखाल लाजिरवाणं समजलं जातं. प्रकाशने बोट खाली घेतलं. काकूंना सांगितलं, "आई, इन्शाल्ला, नोव्हेंबर." त्या वेळी काकूंना चहाचा कप चाचपून घ्यावा लागत होता, पण बशीची कड त्यांना अजून दिसत होती.

सेल आला, स्कॅनरही आला. आणि तो खोका कुणी उघडला नाही.

याचं कारण बाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही. आम्ही इथे वीस-वीस वर्षं राहतो, पण आमच्या मते आम्ही पुढल्या वर्षी कायमचे भारतात जाणार असतो. त्यामुळे प्रत्येक घरात कपाटांवर टीव्हीचे, मिक्सरचे, इस्त्रीचे रिकामे खोके थर्मोकोलसकट छतापर्यंत रचलेले असतात. त्यातही काही वस्तू अशा असतात की त्या इथे उघडायच्याच नसतात, तिकडे न्यायच्या असतात. स्कॅनर यात येतो की त्यात, हा प्रश्न उभा राहिला.

"इथे उघडलं की तिकडे सेकंडहँड," सुदेश म्हणाला. "वॉरंटी इथली, वापर तिथला. आणि जुने फोटो तर सगळे ठाण्यालाच आहेत, नाही का?"

यावर विचार चालू असेपर्यंत खोका सिद्धांतच्या खोलीत, काकूंच्या पलंगाखाली ठेवला. त्यांच्या उशीपासून हातभर खाली जगातला एक उत्तम स्कॅनर झाकणातल्या दिव्यासकट पडून होता. काकू आल्यागेल्याला सांगत, "माझ्या खाली आहे हो सगळं. वर यायचं तेवढं बाकी आहे." आम्ही हसायचो. म्हातारी गमतीदार होती.

शेवटी वहिनींनीच एका शुक्रवारी कात्री आणून खोका टराटरा फाडला. प्रकाश "अगं, खोका!" म्हणून ओरडला, पण उशीर झाला होता. खोकाच फाटला म्हटल्यावर वस्तूला आता किंमत नव्हती, तेव्हा ती वापरायला हरकत उरली नाही. शनिवारी गेट पासवर सही झाली आणि डबा घरी आला.

स्कॅन मात्र दृष्ट लागावा असा झाला. प्रकाशने पांढरे हातमोजे घातले, सुदेशने रंग जुळवले, धूळ काढायचं बटण पूर्ण वर नेलं. फाइल एवढी मोठी की लॅपटॉप दोनदा बंद पडला. मग ती टीव्हीवर आली. सिद्धांतने फोनवरची नजर उचलून एकदा पाहिलं. "बाबा, यू नो द टीव्ही शोज ओन्ली अ फ्रॅक्शन ऑफ दॅट, राइट?" त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

काकूंना टीव्हीसमोर बसवलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला, मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"समुद्र दिसतोय रे कडेला," त्या म्हणाल्या. "वर आभाळ आहे ना? मधे कोण उभं आहे ते नाही दिसत मला."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"बरं, तू सांग," काकू म्हणाल्या. "तुला दिसतायत ना? कसे दिसतायत?"

प्रकाश टीव्हीजवळ गेला. खूप वेळ बघत राहिला. माणूस हेलावला की तो त्याला नीट येतं तेच बोलतो. "शार्पनेस छान आला आहे, आई," तो म्हणाला. "काळ्या भागातसुद्धा डिटेल आहे."

"आणि हनुवटीवरचं कणसाचं काळं? मी पुसायला गेले तर म्हणाले, राहू दे. तसंच होतं ते फोटोत."

प्रकाशने आमच्याकडे पाहिलं. काकांची हनुवटी पॅनकार्डावर होती तशी स्वच्छ होती. मशीनने ते काळं धूळ समजून पुसून टाकलं होतं.

"नाही आई," तो म्हणाला. "सगळं क्लीन केलंय."

"बरं केलंस," काकू म्हणाल्या आणि डबा मांडीवर घेऊन बसल्या.

ही हकिकत मी इथल्या मराठी मंडळींत पुष्कळांना सांगितली. लोक कळवळतात. बायका डोळ्यांना रुमाल लावतात, पुरुष 'अरेरे, साध्या मोबाइलने काढला असता' म्हणतात. मग आवाज जरा खाली आणून प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो: "ते ठीक आहे हो, पण मॉडेल शेवटी कुठलं घेतलं?"

तुम्हीही मघापासून त्याच नावाची वाट बघताय, मला कळतंय. सांगतो ना, त्यात काय! फक्त आधी एवढं करा. तुमच्या घरातला डबा माळ्यावरून खाली काढा, ज्यांचा आहे त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, यातला कुठला बघायचाय. त्यांनी डबा बघून उत्तर दिलं तर मला फोन करा. चाचपून दिलं, तर मॉडेल कुठलंही घ्या.