सेनापतीच्या पाठीवरच्या नाड्या

"मी शिवते की," शिवणबाई म्हणाली. एवढंच. पुढचं सगळं या तीन शब्दांनी केलं. ती फक्त सुई घेऊन त्यांच्या मागे धावत राहिली.

आता, एकवीस वर्षं शिवणावर पोट भरलेल्या बाईने 'मी शिवते' म्हणावं, यात कुणाला काय धोका दिसणार? तिलाही दिसला नाही. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून तिचं मशीन होतं. चादरी, अभ्रे, ऑपरेशनची फडकी, आणि मुख्य म्हणजे पेशंटचे गाऊन. दिवसाला तीस. गाऊन म्हणजे तोच, पुढून बंद, मागून उघडा, नाड्यांच्या तीन जोड्या. अंगात घातला की भल्याभल्यांचा रुबाब मागच्या बाजूने निघून जातो. हॉस्पिटलात सगळे तिला शिवणबाईच म्हणायचे. (खरं नाव ओळखपत्रावर होतं, तेही चुकीचं छापलेलं.)

तिची लेक सोळा वर्षांची. मागच्या आठ महिन्यांतले सहा महिने लेकीने त्याच हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर काढले होते. खाली आई शिवायची, वर लेक घालायची. ("बरंय बाई, घरचंच कापड," शेजारीण म्हणाली होती. काही माणसांना भेटीला पाठवूच नये.) आता केमो संपली होती. रिपोर्ट चांगले होते. डॉक्टरसुद्धा बसून बोलायला लागले होते, नाहीतर पूर्वी दाराचं हँडल धरूनच बोलायचे. पण पोरगी खोलीबाहेर येईना. डोक्यावर केस उगवत होते, तेही एकमेकांशी अबोला धरल्यासारखे लांबलांब. पुढच्या महिन्यात शाळा सुरू व्हायची होती, आणि तिने दारामागून निकाल दिला होता, "मी जाणार नाही. कधीच नाही. विषय संपला."

आणि मग एका दुपारी त्याच दाराखालून एक कागद सरकत बाहेर आला.

"काय गं हे?"

"कॉस्प्ले," दार म्हणालं.

"गोळी आहे का नवीन?"

"आई! आपल्या आवडत्या पात्राचे कपडे स्वतः करायचे, घालायचे आणि दिवसभर तसंच वावरायचं. शनिवारी हॉलमध्ये आमच्या गेमवाल्यांची भेट आहे. स्पर्धा पण आहे."

कागदावर एक उंच बाई होती. अंगावर काळपट निळा झगा, छातीवर चिलखत, खांद्यावरून जमिनीपर्यंत केप आणि डोक्यावर बंद हेल्मेट. एक फट तेवढी डोळ्यांपुरती.

"ही सेनापती आहे. हिचा चेहरा कुणीच बघितलेला नाही. हेल्मेट काढतच नाही ती. असा ड्रेस असेल तर मी जाईन. विकतचा वेळेत येणार नाही."

शिवणबाईला त्यातलं एकच कळलं. पोरगी 'जाईन' म्हणाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"मी शिवते की."

झग्याला आणि केपला कापड म्हणून बैठकीच्या खोलीतला पडदा उतरवला. माप घेण्यासाठी दार वाजवलं, तर आतून उत्तर आलं, "तुला माहितीये माझं माप." ते खरंच होतं. महिन्यामहिन्याने कमी होत गेलेलं ते माप तिला इतकं पाठ होतं, की कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. (तशी ती झोपेत नसायचीच म्हणा.)

जेवणाच्या सुट्टीत तिने तळघरातल्या टेबलावर पडदा पसरला. डोक्यात चिंता होती, ती सोमवारच्या रक्ततपासणीची. हाताला कसलीच चिंता नव्हती. हात आपला चालला. कात्री गळ्याला वळली, बाहीला वळली, मागे सरळ खाली उतरली. पाच दिवस सुट्टी-सुट्टीत ते शिवण चाललं, आणि एकदाही तिने ते उचलून उजेडात धरलं नाही. झाल्यावर घडी घातली. घडीसुद्धा हॉस्पिटलची, चार पदरी.

चिलखत आणि हेल्मेट नवऱ्याने अंगावर घेतलं. तो रस्त्यावर पट्टे मारायच्या कामावर होता. पांढरे, पिवळे, सरळ, तुटक. बावीस वर्षांत त्याने वाकडी रेघ मारली नव्हती आणि सरळ रेघेशिवाय काही मारलंही नव्हतं. त्याच्या कामात एक नियम होता. रेघ आखताना एक माणूस दोरीचं टोक ताणून धरतो, आणि समोरचा 'सोड' म्हणत नाही तोवर काहीही होवो, सोडायची नाही. एकदा त्याला कुत्रा चावला होता. दोरी सोडली नव्हती. हे तो पाहुण्यांना सांगायचा आणि पँट वर करून दाखवायचा.

त्याने व्यायामाच्या फोमच्या चटईचं चिलखत कापलं, आणि थर्माकोल कोरून कोरून इतकं देखणं हेल्मेट केलं, की शिवणबाईला पुन्हा एकदा त्याच्याशी लग्न करावंसं वाटलं. मग त्याने त्याला रंग लावला. रंग अर्थातच कामावरचा, उरलेल्या डब्यातला.

"अहो, हे चरचरतंय."

"वाळतंय."

"अहो, हे बसतंय!"

रंगातल्या थिनरने थर्माकोलच्या टाळूला खळगा पडला, मग गाल आत गेले, मग कपाळ. दोघं नवराबायको गॅलरीत उभं राहून आपल्या लेकीचं डोकं लहान लहान होताना बघत राहिली. शेवटी मोसंब्याएवढा पांढरा गोळा उरला. एरवी हसू आलं असतं. त्या वर्षी त्या घरात कुणाचं काही लहान होत गेलेलं बघून हसायची सवय राहिली नव्हती.

"बादली आण," नवरा म्हणाला.

दुसरं हेल्मेट बादलीचं झालं. तिच्या तोंडाशी आतून गादीचा तुकडा, पुढे फट, बाहेरून कागदाचे थर, आणि मग तोच रंग, रात्री गाड्यांच्या दिव्यात चमकणारा. चिलखतावर त्याने नक्षी काढायचा प्रयत्न केला. पांढऱ्यावर पिवळे पट्टे आले, समान अंतरावर.

"कसं वाटतंय?" त्याने विचारलं.

"छान," शिवणबाई म्हणाली. सेनापती कमी आणि गतिरोधक जास्त वाटत होता. पण संसारात सगळंच बोलायचं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी सगळं सामान दाराशी ठेवलं. दार उघडलं, सामान आत गेलं, दार बंद झालं. दोघं बाहेर उभी. आधी चिलखताचा आवाज, मग बादलीचा. मग कसलाच नाही.

दार उघडलं. पोरगी पाठ करून उभी होती. काळ्या टी-शर्ट आणि पँटवर तो झगा, आणि तो गळ्यापासून खालपर्यंत मागून उघडा. नाड्यांच्या तीन जोड्या लोंबत होत्या.

"आई, हा गाऊन आहे."

"छे गं, झगा आहे तो…"

"बाहीला खांद्यापर्यंत बटणं आहेत. सलाईनसाठी. इथे छातीवर बेड नंबरची पट्टी आहे. आणि ही गाठ बघ. डावीकडे येते. अख्ख्या हॉस्पिटलात डावीकडे गाठ फक्त तुझ्या गाऊनला येते."

खरं होतं. पेशंट उताणा झोपला की पाठीच्या कण्यावर गाठ टोचते, म्हणून शिवणबाई नाड्या एका बाजूला सरकवून लावायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. लक्षात आलं होतं ते एका पेशंटच्या.

"मला तिथे पेशंट म्हणून जायचं नव्हतं," पोरगी म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. झगा आणि केप काढून तिने बाहेर टाकली. दार बंद झालं.

शिवणबाई स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसली. एकवीस वर्षांच्या कामाचा अभिमान आणि एकवीस वर्षांच्या कामाची लाज माणसाला एकाच वेळी वाटू शकते, हे तिला त्या दिवशी कळलं. नवरा येऊन बाजूला उभा राहिला.

"पुढून कुणाला कळणार नाही," तो म्हणाला.

"माणसाला पाठ असते हो."

"मग केप कशासाठी आहे?"

बावीस वर्षांत त्याने काढलेली ही पहिली वळणदार रेघ. उसवायला वेळ नव्हता, दुसरा पडदा नव्हता, आणि सकाळी तिची दुपारपर्यंत ड्यूटी होती. तिने केप घेतली, झग्याच्या खांद्यांना लावली आणि भराभर धावदोरा घातला. मशीनवर पक्की टीप मारायला हवी होती. पण घरचं मशीन पोरीच्या खोलीत, आणि पोरगी दाराआड.

"निघणार नाही ना?" अर्ध्या तासाने दाराने विचारलं.

"मी शिवलेलं कधी निघालंय?" शिवणबाई म्हणाली. (धावदोरा म्हणजे शिवण नव्हे. ते शिवण येईपर्यंत जागा धरून बसणं असतं. पण हे दाराला कोण सांगणार?)

शनिवारी ती ड्यूटीवरून परस्पर हॉलवर पोचली. अंगात हॉस्पिटलचा फिकट निळा युनिफॉर्म, गळ्यात टेप, मनगटाला टाचण्यांची गादी, केसांत दोऱ्याचे तुकडे. आत पंखवाल्या मुली, शिंगवाली मुलं, आणि एकजण चक्क फ्रिज होऊन आला होता. त्या गर्दीत एका कोपऱ्यात सेनापती उभी होती, भिंतीला पाठ लावून. बाजूला नवरा, दोन्ही हातांत केपचं टोक.

"मळू नये म्हणून धरलीय," तो म्हणाला. "स्टेजपर्यंत धरतो."

"नंतर सोडा."

"अगं, ते मला सांगतेस?"

सेनापतीचा नंबर आला. तिने एक पायरी चढली. बादली आईकडे वळली. फटीतून डोळे दिसत होते, आणि ते डोळे घरी जायचं म्हणत होते. मग बादली पुन्हा पुढे वळली आणि सेनापती स्टेजवर चढली.

दिवे तिच्यावर पडले आणि पहिल्या दोन रांगांनी डोळ्यांवर हात घेतले. रंगाने आपलं काम चोख बजावलं होतं. त्या लखलखाटात सेनापतीने दोन पावलं टाकली, तीन टाकली. केप ताणली गेली. खाली नवरा पाय रोवून उभा होता. दोरी ताणलेली होती आणि समोरून कुणी 'सोड' म्हटलं नव्हतं.

"सोडा!" शिवणबाई ओरडली.

त्याने सोडली. पण धावदोरा त्याच्याआधी सुटला होता. टर्रर्र आवाज अख्ख्या हॉलने ऐकला. केप जमिनीवर पडली, आणि दचकून सेनापती गर्रकन वळली. पाठ लोकांकडे. पुढून अख्ख्या जगाला दिपवणारी ती योद्धी मागून तिसऱ्या मजल्यावरची पेशंट होती. नाड्यांच्या तीन जोड्या, वरची सुटलेली.

सेनापतीचे खांदे हलायला लागले. बादलीतून घुमत घुमत हुंदके आले.

आई स्टेजवर कधी चढली ते आईलाही कळलं नाही. झगा दोन्ही हातांनी ओढून तिने पाठ झाकली आणि नाड्या धरल्या. आणि काय बोलावं हे न सुचल्यामुळे तोंड आपलं हाताच्या मागोमाग चालू लागलं, आणि हात तर एकवीस वर्षं एकाच वाटेने जाणारे.

"घाबरू नका हं. हात थोडा वर घ्या. श्वास सोडा. झालंच आता. नातेवाईक बाहेर थांबलेत."

हुंदके वाढले. बादली गदागदा हलायला लागली.

"रडू नकोस गं राणी, घरी जाऊ आपण, आत्ताच्या आत्ता…"

"आई," बादली म्हणाली. धाप लागली होती तिला. "आई, तू मला अहो-जाहो करत होतीस. आणि बाबांकडे बघ."

शिवणबाईने पाहिलं. नवऱ्याने खाली पडलेली केप पुन्हा उचलून ताणून धरली होती, आणि तोंड पांढरंफटक करून पुढच्या हुकमाची वाट बघत होता. तेव्हा कुठे तिच्या कानांत शिरलं की बादलीत जे घुमतंय ते रडणं नाही. ओळखायला वेळ लागला. आठ महिने ऐकलं नव्हतं.

"गाठ डावीकडे बांध," बादली म्हणाली. "उजवीकडे टोचते."

तिने बांधली. गाठ डावीकडेच आली. खाली टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, हे बसवलेलंच आहे.

परीक्षक उठून स्टेजजवळ आले. आधी सेनापतीभोवती फिरले, मग शिवणबाईसमोर येऊन थांबले आणि तिच्या तोंडाजवळ माइक धरला.

"जोडीची कल्पना अप्रतिम. आपली भूमिका कोणती?"

"शिवण विभाग. तळघर."

"वा! भुताटकीचा वॉर्ड!" त्यांनी वहीत टिपून घेतलं. "पण मॅडम, मला विचारायचंय ते मेकअपबद्दल. डोळ्यांखालची ही काळी वर्तुळं, हे बसलेले गाल, हा मेलेला रंग. आज इथे दहा तरी भुतं आली असतील, पण असं खरं काम मी बघितलं नाही. कुणी केलंय?"

शिवणबाईने तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं की तिने तोंडाला पावडरसुद्धा लावलेली नाही. पण घरी आल्यापासून दाराआडूनच बोलणाऱ्या सेनापतीने माइक स्वतःच्या बादलीकडे ओढून घेतला.

"मी केलंय," ती अख्ख्या हॉलला म्हणाली. "आठ महिने लागले."