मधमाश्यांना कौदी

उणकल तळ्यावरून गार वारा सुटला की आमचे शेजारी परशराम अण्णा आधी पाण्याच्या मोटरीला स्वेटर घालतात. मग माझ्याकडे वळतात. मी पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ, पण फाटकाबाहेर पाऊल पडलं की त्यांच्या गच्चीवरून हाक येतेच. 'थंडी भाळ ऐती!', म्हणजे थंडी फार आहे, असं कानडीत सुरू होऊन 'कानटोपी कुठं हाय रे?' असं मराठीत संपतं. हुबळीची थंडी ती केवढी! ऊन चढलं की तिचा मागमूस राहत नाही. पण अण्णांची बायको एका हिवाळ्यात न्यूमोनियानं गेली, तेव्हापासून थंडी ही त्यांची वैरीण.

मुलगी गिरिजा कोप्पीकर रोडवर एका दुकानात कामाला होती. संध्याकाळी अण्णा शाल घेऊन दुकानाच्या पायरीवर हजर. गिऱ्हाइकं हसायची, तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. 'अप्पा, जरा श्वास तरी घेऊ दे की!' म्हणत शेवटी ती बेंगळुरूला गेली. अण्णांचा रोज फोन, 'स्वेटर घातलीस काय?' 'घातलंय.' खट्. फोन बंद.

ती गेल्यावर अण्णांनी कलघटगीहून मधमाश्यांच्या दोन पेट्या आणून गच्चीवर ठेवल्या. यंदा मोबाइलवर त्यांनी बर्फाच्या देशातल्या पेट्या पाहिल्या, पांघरुणं घातलेल्या. झालं! एका पेटीला त्यांनी गिरिजाच्या लहानपणीची कौदी, जुन्या साड्यांची गोधडी, करकचून बांधली. माश्यांच्या येण्याजाण्याचं दारही कापसानं बुजवलं. दुसरीसाठी घरात कौदीच उरली नव्हती.

'अण्णा, गुदमरतील त्या,' मी म्हटलं.

'तू आधी टोपी घाल!'

दोन दिवस कडक ऊन पडलं. कौदी सोडली, तर आत सगळ्या माश्या मरून पडलेल्या. शेजारची उघडी पेटी मात्र मजेत गुणगुणत होती. 'सांगितलं होतं ना' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, पण अण्णांचा चेहरा बघून गिळले. फार वाईट वाटलं, माश्यांचं आणि त्यांचंही.

संध्याकाळी त्यांनी गच्चीवरूनच फोन लावला, स्पीकरवर. मी शेजारीच उभा होतो.

'घातलंय, अप्पा,' गिरिजा आधीच म्हणाली.

'तसं न्हवं ग. एक पेटी गेली बघ. सगळ्या मेल्या.'

'थंडीनं?'

अण्णा कौदीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

'न्हाई. दार मीच बंद केलतो.'

रोज खट्कन बंद होणारा फोन त्या संध्याकाळी बंद झाला नाही.