ट्रॉलीतले कुटुंब

महागाईला बाजार जबाबदार नसून बाजारात जाणारी व्यक्ती जबाबदार असते, हे मत संघपालने स्वयंपाकघरात उभे राहून, आणि तेही प्रतिक्षाच्या देखत मांडले. पुढचे सगळे त्यातून उद्भवले. (मत मांडण्यासाठी त्याला गच्चीही उपलब्ध होती.)

निमित्त रविवारच्या मटणाचे होते. तेल, डाळ, साखर आणि चहा या चौघांनी वर्षभरात जी उंची गाठली होती ती पाहता मटण यापुढे दर रविवारी नव्हे, महिन्यातून एकदाच येईल, असे प्रतिक्षाने जाहीर केले होते. संघपाल विद्यापीठाच्या परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक होता. आठवडाभर इतरांच्या गुणांची फेरतपासणी केल्यावर रविवारी दुपारी काळ्या मसाल्याचे मटण, ज्वारीची भाकरी आणि रश्श्यावर लाल तवंग, एवढीच त्याची आयुष्याकडे मागणी होती. ती मागणी परस्पर कापली गेल्याचे पाहून त्याने अपील दाखल केले.

"काय घ्यायचं ते तुला कळतं, प्रतिक्षा. काय सोडायचं ते कळत नाही."

"असं?" प्रतिक्षा म्हणाली. ती माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. तिच्या या 'असं?'पुढे नववीतली उभी राहिलेली मुले आपोआप खाली बसत.

संघपाल बसला नाही. "या महिन्याचा किराणा मी आणतो. गेल्या वर्षी याच महिन्यात जेवढे लागले, तेवढ्यातच. जमलं तर मटण दर रविवारी."

"आणि नाही जमलं तर?"

"तर महिन्यातून एकदा. माझी तक्रार नाही."

संघपालच्या आईने, केसरबाईंनी, लसूण सोलता सोलता मान वर केली. "आरं, दिवाळीला रवा आणाय धाडला तर मैदा घिऊन आलतास की तू."

"आई, पाकिटं सारखी होती."

"मंग? डोळं काय पाकिटात ठिवलंवतंस?"

बुधवारी संध्याकाळी संघपाल कचेरीतून परस्पर विजापूर रस्त्यावरच्या त्या मोठ्या, काचेच्या दुकानात गेला. तिथे ट्रॉली ढकलत त्याने जी खरेदी केली ती, निष्पक्षपणे सांगायचे तर, उत्तम होती. दोन तेलांची लेबले त्याने शेजारी शेजारी धरून वाचली. तूरडाळ हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. साखरेपुढे तो इतका वेळ उभा राहिला की एका बाईंनी त्यालाच साबण कुठे आहेत ते विचारले. भरलेली ट्रॉली घेऊन तो पैसे देण्याच्या रांगांपाशी आला, एका खांबाला ती टेकवली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

फोन परीक्षा विभागातल्या उदयसिंहांचा होता. एका विद्यार्थ्याला त्याच्या उत्तरपत्रिकेची म्हणून जी प्रत दिली गेली होती ती भलत्याचीच निघाली होती. आत आवाज नीट येईना म्हणून संघपाल दारापाशी गेला.

"उदयसिंह, कमाल करता तुम्ही! हातातली वस्तू कुणाची आहे, एवढं एकदा बघायला काय लागतं हो?" असे चारचौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बजावून तो परतला, खांबाजवळची ट्रॉली त्याने धरली आणि तो रांगेत शिरला. ट्रॉलीच्या मुठीला निळी चिकटपट्टी होती. मघाशी ती नव्हती, हे त्याच्या लक्षात यायला हवे होते. लक्षात एवढेच आले की मूठ हाताला बरी लागते.

पैसे घेणारी मुलगी वस्तू भराभर पुढे सरकवत होती. संघपालची नजर पडद्यावरच्या आकड्यावर खिळली होती. त्या आकड्यावर त्याचे सगळे रविवार अवलंबून होते. मध्येच दातांच्या कवळीच्या गोळ्यांची डबी डोळ्यांपुढून गेली. ती पुढच्या माणसाची राहिली असावी, असे त्याने स्वतःला समजावले. आकडा गेल्या वर्षीच्या रकमेच्या किंचित अलीकडे थांबला. संघपालने आनंदाच्या भरात त्या मुलीला "शाब्बास" म्हटले. तिला कारण कळले नाही.

घरी प्रतिक्षाने पिशव्या फरशीवर रित्या केल्या. काजू. ओट्स. हिरवा चहा. शेवयांची तीन पाकिटे. केस काळे करण्याची पूड. तान्ह्या बाळाचा साबण, आणि त्याखेरीज चार वेगवेगळ्या जातींचे साबण. भिंतीला लावायची खुंटी. कवळीच्या गोळ्या.

"तेल?" प्रतिक्षाने विचारले.

संघपालने रिकाम्या पिशवीत हात घालून पाहिले. हे सगळे आपण विचारपूर्वक निवडले आहे असे सांगावे की काय, असा मोह त्याला क्षणभर झाला. पण घरात कवळी कुणालाच नव्हती. केसरबाईंचे तर सगळे दात शाबूत होते आणि त्या क्षणी ते सगळे दिसत होते.

"कुणाचं तरी सामान घिऊन आलास तू! आगं प्रतिक्षा, रव्यापरीस लांब गेला की ह्यो!"

"ट्रॉलीची अदलाबदल झाली," संघपाल गंभीरपणे म्हणाला. "त्यांनी माझी नेली. पण आकडा बघ. गेल्या वर्षीच्या आतच आहे. पैज मी जिंकलो."

प्रतिक्षाने बिल हातात घेऊन दोनदा पाहिले. ती न्यायी होती. तिच्याविषयीची संघपालची मुख्य अडचण तीच होती. "जिंकलात. मटण येईल. मात्र तुम्ही आणलेल्या सामानात शिजेल. वरून तेल आणलंत की आकडा ओलांडला."

"तेलाबिगर मटाण?" केसरबाई म्हणाल्या. "आन् तवंग काय शेवयाचा यायचा?"

तेव्हा रविवारपूर्वी ते कुटुंब शोधून काढणे आणि सामान बदलून घेणे भाग होते. संघपालने दुकानात फोन केला. ट्रॉली बदलल्याची तक्रार कुणीही केलेली नव्हती. गुरुवारी पुन्हा केला, तरीही नाही. इथे मात्र मटण क्षणभर बाजूला पडले आणि त्याला खरोखरीचे कुतूहल वाटू लागले. आपला महिन्याचा किराणा नाहीसा होऊनही जे स्वस्थ बसतात, ते कोण लोक असतील?

रात्रीच्या जेवणानंतर वस्तू पुन्हा फरशीवर मांडल्या गेल्या.

"तीन पिढ्या नक्की," संघपाल म्हणाला. "कवळी म्हणजे आजोबा. बाळाचा साबण म्हणजे नातू. आणि मधल्या बाई केसांना रंग लावतात."

"कदाचित आजोबाच लावत असतील," प्रतिक्षा म्हणाली. "हे अनुमान आहे, निरीक्षण नाही." पण तीही जवळ सरकून बसली होती. "साबण चार का?"

"माणसं चार."

"चार माणसांना एक साबण पुरतो. चार जातींचे लागतात म्हणजे एकमेकांशी पटत नाही."

"न्हाय पटत, तरी बी बसून काजू खात्यात?" केसरबाईंनी पाकीट एव्हाना फोडले होते. "बरं घर हाय की!"

"पण तेल नाही, साखर नाही, साधा चहा नाही," संघपाल म्हणाला. बोलता बोलता त्याचे त्यालाच उलगडत गेले. "प्रतिक्षा, हे लोक ठरवून कमी खातात! म्हणूनच यांना महागाई लागत नाही. त्या बाई तेलाच्या फळीकडे बघतसुद्धा नसतील. काय करारी बाई असेल ती!"

त्या बाईंचा करारीपणा पुढे वाढतच गेला. घरातले जुने तेल संपले तेव्हा संघपालने त्यांचा दाखला दिला. केसरबाईंनी मिरच्या तव्यावर कोरड्या भाजून ठेचा केला, वांगे भाजले, मोहोळहून आलेल्या ज्वारीच्या भाकरी थापल्या, आणि सगळे चवीला चांगले लागले. त्याचेही श्रेय संघपालने त्या बाईंनाच दिले. त्यावर केसरबाईंनी त्याला दुसरे वांगे वाढले नाही. परीक्षा विभागात त्याने ही कथा इतक्या रंगतीने सांगितली की उदयसिंहांनी घरी जाऊन पत्नीला त्या बाईंचा आदर्श ठेवायला सुचवले. (दुसऱ्या दिवशी उदयसिंहांनी डबा आणला नव्हता. विषयही काढला नाही.)

"लई गुण गातुयास तिचं," केसरबाई म्हणाल्या. "गावली तर घरात आणून बशिवतुस का काय?"

"आधी सापडू देत, आई," प्रतिक्षा म्हणाली. "मलाही बघायचंय. बिनतेलाचं कुटुंब बाळाला मालिश कशानं करतं, हे मला विचारायचं आहे."

अशा रीतीने शनिवारी संध्याकाळी तिघेही रिक्षाने दुकानात गेली. केसरबाईंनी त्यासाठी ठेवणीतले इरकल लुगडे नेसले होते. आपल्यापेक्षा काटकसरी बाई सोलापुरात आहे, ही गोष्ट त्यांना प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज मान्य करायची नव्हती.

चौकशीच्या टेबलाशी बसलेल्या मुलीच्या छातीवर 'उत्कर्षा' अशी पट्टी होती. संघपालने तिच्यापुढे पिशव्या ठेवल्या आणि वर्णन सुरू केले. एक वृद्ध गृहस्थ. एक तान्हे मूल. केस रंगवणाऱ्या, शिस्तीच्या, तेलाला न शिवणाऱ्या मधल्या बाई. घरात थोडा अबोला. पण राहणी उच्च. बुधवारी संध्याकाळी खांबाजवळ त्यांची ट्रॉली उभी होती.

उत्कर्षा ऐकता ऐकता थांबली. "सर, मुठीला निळी पट्टी होती का ओ?"

"होती."

"मग ती कुणाची वाटली तुमाला?"

"त्या बाईंचीच असणार. खूण केली असेल. व्यवस्थित बाई आहेत."

उत्कर्षाने ओठ घट्ट मिटले. मग शेजारच्या मुलीकडे पाहिले आणि ते मिटलेले ओठ तिला आवरेनात. "सर, ती कुणाचीच ट्रॉली न्हाई. ती आमची 'राहू दे'ची ट्रॉली हाय की."

"म्हणजे?"

"बिल करताना आकडा वर गेला की लोक म्हणतात, 'हे राहू दे.' कुणी काजू ठेवतं, कुणी साबण, कुणी शेवया. ते आमी तिच्यात टाकतो आन् रात्री परत फळीवर लावतो. बुधवारी ट्रॉली सगळीच गेली तर मॅनेजरसाहेब म्हणले, आज असा कोण दिलदार आलता!"

"आणि तेल?" संघपालने विचारले. शेवटची आशा त्याने तेलावर टाकली होती. "त्यात तेल कसं नव्हतं?"

"तेल कोण ठेवतंय सर? तेल घ्यायलाच तर बाकीचं ठेवतात."

प्रतिक्षा, जिला हसताना आवाज करण्याची सवय नव्हती, ती खांबाला टेकून उभी राहिली. केसरबाईंना समजायला किंचित वेळ लागला. समजले ते मात्र पूर्ण समजले.

"म्हंजी समद्या सोलापुरानं नगं म्हणून टाकल्यालं, तेवढं तेवढं येचून तू पैकं दिऊन घरला आणलंस व्हय रं?"

"आई, जरा हळू."

"आन् मी तिला बघाय इरकल नेसून आले!"

संघपालची मूळ ट्रॉली बेवारस दिसल्यामुळे तिच्यातला माल त्याच रात्री पुन्हा फळ्यांवर गेला होता. तरी बिल जवळ असल्याने न फोडलेल्या वस्तू बदलून मिळणार होत्या. तो नव्या उमेदीने आत गेला आणि तेल, डाळ, साखर, चहा घेऊन आला. वर काळ्या मसाल्याची चार पाकिटे, दर रविवारी एक या हिशोबाने, त्याने स्वतःच्या हाताने नीट रचली. उत्कर्षाने यंत्रावर बोटे चालवली.

"थोडं जास्त होतंय सर. काय राहू दे?"

"तेल राहू देऊ नका," संघपाल घाईने म्हणाला आणि प्रतिक्षाकडे वळला. "हे बघ, यात माझा दोष नाही. तोच खांब, तोच रंग, तेवढीच भरलेली ट्रॉली. माझ्या जागी कुणीही असता तरी हेच झालं असतं. ही मानवी मर्यादा आहे. म्हणून पैज रद्द होत नाही, आणि मटण…"

तो थांबला, कारण त्याच्या डोळ्यांदेखत पुरावा चालत आला होता. रांगेतल्या एका जाडसर गृहस्थाने, फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरून, न पाहताच मागे हात टाकला आणि निळ्या पट्टीची ट्रॉली धरून ढकलायला सुरुवात केली.

"बघ!" संघपालने प्रतिक्षाचे मनगट पकडले. "बघ, बघ!" इतका निर्मळ आनंद त्याला पगारवाढीच्या दिवशीही झाला नव्हता.

गृहस्थ दोन पावले पुढे गेले. बोलता बोलताच त्यांची नजर खाली गेली.

"एक मिनिट थांब," ते फोनवर म्हणाले, आणि ट्रॉली त्यांनी होती तिथे परत लावली. "हे आपलं न्हवं बाबा. ह्यात तेलच न्हाई." मग स्वतःची ट्रॉली ओढून घेऊन, बोलणे न तोडता, ते निघून गेले.

प्रयोग इतका स्वच्छ झाल्यावर शिक्षकाने बोलायचे नसते. प्रतिक्षाने मसाल्याच्या चार पाकिटांतली तीन उचलली आणि निळ्या पट्टीच्या ट्रॉलीत टाकली.

"ही राहू देत," ती उत्कर्षाला म्हणाली.

"एक ठिवलंय बग तुला," केसरबाई मुलाला म्हणाल्या. "म्हैनाभर दमानं खा."

संघपाल त्या ट्रॉलीकडे पाहत राहिला. आतल्या पावडरीचा डबा कुणाचा, मध कुणाचा, लहान मुलाची ती रंगीत पाण्याची बाटली कुणाची, याविषयी आता त्याला काहीही सांगता आले नसते. मसाल्याची तीन पाकिटे मात्र कोणत्या कुटुंबाची, आणि त्या घरात कुणाचे चालते, हे त्याला कोणतेही अनुमान न काढता कळत होते.